पहिल्या गिअरवरचा पगार

परवा ऑफिसात जेवताना बेस्टचा, म्हणजे मुंबईच्या सिटी बसचा विषय निघाला. निमित्त नेहमीचंच. कुर्ला स्टेशनवरून बीकेसीला, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ऑफिसांकडे येणाऱ्या बसची लोकांनी अर्धा तास वाट बघितली आणि मग एकदम तीन आल्या, एकीच्या शेपटाला दुसरी. आमच्यातला एक जण हिशेबात फार हुशार आहे, भाजीची पिशवीसुद्धा एक्सेलमध्ये मांडेल असा. तो म्हणाला, "प्रॉब्लेम साधा आहे. बसमागे माणसं किती आहेत बघा. प्रायव्हेट कंपनी असती तर निम्म्यांना घरी बसवलं असतं. ड्रायव्हर दिवसाला दोन फेऱ्या मारतो आणि पगार आठ तासांचा घेतो."

मी डब्याचं झाकण लावलं आणि गप्प बसले. दोनला मीटिंग होती आणि दोडक्याची भाजी खाऊन भांडायला जोर येत नाही. पण ते 'दोन फेऱ्या' काही डोक्यातून जाईना, म्हणून इथे लिहितेय. लांबेल. चहा घेऊन बसा.

आधी कबुली देऊन टाकते. माझे पप्पा बेस्टमध्ये ड्रायव्हर होते. 1978 ला लागले, 2011 ला रिटायर झाले, त्यातली बरीच वर्षं वडाळा डेपोत गेली. त्यामुळे मी पक्षपाती आहेच. पण त्याच घरात वाढल्यामुळे 'फेरी' या शब्दाचा अर्थ मला त्या एक्सेलवाल्यापेक्षा जरा जास्त कळतो.

ड्रायव्हरला पगार तासावर मिळतो, किलोमीटरवर नाही. जगातल्या बहुतेक शहरांत बस चालवण्याच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा माणसांच्या पगाराचा असतो. डिझेल, टायर, स्पेअर पार्ट हे सगळं त्याच्या मागून येतं. म्हणजे बस सिग्नलला उभी असली तरी सगळ्यात महागडं मीटर चालूच राहतं. आता एक साधा हिशेब करू. आकडे समजुतीसाठी घेतलेत, कुठल्या एका रूटचे नाहीत.

समजा रूट 15 किलोमीटरचा आहे आणि बसचा सरासरी वेग ताशी 12 किलोमीटर आहे, थांबे आणि सिग्नल धरून. एका बाजूला 75 मिनिटं लागतात. जाऊन-येऊन 150, दोन्ही टोकांना दहा-दहा मिनिटं पाणी प्यायला आणि पाय मोकळे करायला, झाली 170 मिनिटं. दर दहा मिनिटांनी बस हवी असेल तर 17 बस लागतील.

आता त्याच रूटवर मेट्रोचं खोदकाम निघालं, दोन्ही बाजूंनी गाड्या पार्क झाल्या आणि वेग ताशी 9 वर आला. एका बाजूला 100 मिनिटं, जाऊन-येऊन 200, वर ती वीस. 220. तीच दहा मिनिटांची सर्व्हिस द्यायला आता 22 बस लागतात. पाच बस जास्त, दोन पाळ्या धरल्या तर दहा ड्रायव्हर आणि दहा कंडक्टर जास्त, शिवाय त्यांच्या साप्ताहिक सुट्टीचे बदली वेगळे. आणि प्रवासी? एकही वाढला नाही. उलट बस रखडते म्हणून चार जण शेअर रिक्षात जाऊन बसले.

आणि बस वाढवल्याच नाहीत तर? तर 17 बसवर दहा मिनिटांची बस तेरा मिनिटांनी येऊ लागते. ड्रायव्हरच्या बाजूने बघा. आठ तासांच्या ड्यूटीतून गाडी ताब्यात घेणं, विश्रांती, शेवटचा हिशेब वजा केला की हातात सात तास उरतात. जाऊन-येऊन एक फेरी धरली तर आधी त्यात जवळजवळ अडीच फेऱ्या बसत होत्या, आता दोनही धड पूर्ण होत नाहीत. ह्याच त्या माझ्या सहकाऱ्याच्या 'दोन फेऱ्या'. ड्रायव्हर तोच, स्टिअरिंगवर तितकेच तास, क्लच दाबून गुडघा उलट जास्त दुखतोय आणि कागदावर त्याची उत्पादकता एक चतुर्थांशाने घसरली.

पप्पांच्या हाताखाली गिअरची गाडी होती. ते म्हणायचे, "मोकळ्या रस्त्यावर आठ तास म्हणजे आराम. ट्रॅफिकमध्ये तीन तास म्हणजे नांगरणी." आमचं मूळ गाव खेड तालुक्यात, त्यामुळे त्यांच्या सगळ्या उपमा शेतातल्या. त्यांचा डावा गुडघा आजही जिना चढताना कुरकुरतो. उजवा ठणठणीत.

आता 'बसमागे माणसं किती' याबद्दल. हा आकडा पेपरवाले, ऑडिटवाले, राजकारणी सगळे तोंडावर फेकतात. ह्यात गंमत अशी, की हा अपूर्णांक आहे आणि अपूर्णांक खालून कापला तरी मोठा होतो. दहा-बारा वर्षांपूर्वी बेस्टच्या ताफ्यात चार हजारांवर बस होत्या, 2025 पर्यंत त्या तीन हजारांच्याही खाली आल्या. जुन्या गाड्यांचं आयुष्य संपलं, त्या भंगारात गेल्या आणि नव्या त्या वेगाने आल्या नाहीत. गाडी भंगारात गेली म्हणून ड्रायव्हर त्याच दिवशी रिटायर होत नाही. एकाही माणसाने काम कमी केलं नाही, तरी बसमागे माणसं वाढली. घरातली दोन ताटं फोडायची आणि मग म्हणायचं, ताटामागे खाणारे फार झालेत.

दुसरी गोष्ट दिवसाच्या आकाराची. मुंबईचा दिवस उंटासारखा असतो, दोन मदारी. सकाळी आठ ते अकरा एक, संध्याकाळी पाच ते नऊ दुसरी. मधे दुपारी बस अर्ध्या रिकाम्या. दोन्ही मदारींना पुरतील इतके ड्रायव्हर ठेवले तर दुपारी ते बसून राहणार. दुपारच्या हिशेबाने ठेवले तर सकाळी लोक दाराला लोंबकळणार. हा गुंता जगभरच्या बस कंपन्यांना आहे आणि त्याच्यावरचा जुना तोडगा म्हणजे 'स्प्रेड ओव्हर'. साडेसात ते साडेअकरा गाडी चालवा, मग चार तास मोकळे, परत साडेतीन ते साडेसात. काम आठच तास भरलं, पण माणूस बारा तास घराबाहेर. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्यातही हेच आकडे आहेत: दिवसाचं काम आठ तास, पण सुरुवातीपासून शेवटापर्यंतचा पसारा बारा तासांपर्यंत चालतो.

ते मधले चार तास एक्सेलमध्ये रिकामा रकाना दिसतात. आमच्या घरी त्यांना चेहरा होता. वडाळ्याहून विक्रोळीला कन्नमवार नगरात यायचं आणि परत जायचं म्हणजे त्यातले दोन तास प्रवासातच गेले असते. त्यामुळे पप्पा डेपोच्या रेस्ट रूममध्येच पंख्याखाली आडवे व्हायचे. छातीवर दुमडलेला पेपर, बूट उशाला. झोप लागायची नाही, लागली तर मोडायची. मी पाचवी-सहावीत असताना आईने एकदा मला त्यांचा विसरलेला डबा घेऊन तिथे पाठवलं होतं. खाकी कपड्यातली दहा-बारा माणसं ओळीने पडलेली आणि त्यातले माझे पप्पा कोणते ते मला पटकन ओळखता येईना. मग बुटांवरून ओळखले. एका बुटाची नाडी पांढरी होती, आदल्या आठवड्यात माझ्याच शाळेच्या बुटातली काढून घातलेली.

2014 च्या एप्रिलमध्ये बेस्टचा संप झाला होता, आठवतोय का कुणाला? कारण होतं 'कॅनेडियन शेड्यूल'. ड्यूट्या संगणकाने लावायच्या, सॉफ्टवेअर बाहेरचं, त्यावरून हे नाव पडलं. सॉफ्टवेअर काही वाईट करत नव्हतं. कुठला ड्रायव्हर, कुठली गाडी, किती मिनिटं, कमीत कमी माणसांत जास्तीत जास्त फेऱ्या कशा बसतील, एवढंच ते बघणार. पण संगणकाने ड्यूटी घट्ट बांधली की तिच्यात सैल जागा उरत नाही आणि मुंबईचा रस्ता त्या सैल जागेवरच चालतो. एका फेरीला वीस मिनिटं उशीर झाला की पुढची ड्यूटी, त्यापुढचा ड्रायव्हर, त्याची जेवणाची वेळ, सगळं एकमेकांवर आदळतं. पप्पा तेव्हा रिटायर झालेले, पण बेस्टच्या चौकीवर जाऊन बसण्याची सवय सुटली नव्हती. तिथून आल्यावर म्हणाले, "टोरांटोत धारावीचा टी जंक्शन नसतो." त्यांना टोरांटो कुठे आहे ते माहीत नव्हतं, पण मुद्दा बरोबर होता.

युनियनचं सगळंच बरोबर, असं माझं म्हणणं नाही. जुन्या पद्धतीतही ओळखीपाळखीने हलक्या ड्यूट्या मिळवणारे होते, ते पप्पाच सांगायचे. वेळापत्रक शास्त्रशुद्ध हवंच. पण शास्त्र रस्त्यापासून सुरू व्हायला हवं, ते माणसाच्या जेवणाच्या सुट्टीपासून सुरू केलं.

बसच्या आकाराबद्दल तर कोणी बोलतच नाही. लोकलचा एक मोटरमन गर्दीच्या वेळी काही हजार माणसं नेतो. बसचा ड्रायव्हर साठ-सत्तर. म्हणजे बसमध्ये प्रत्येक प्रवाशामागे पगाराचा भार मुळातच जास्त असतो, तो कमी करायचा तर एका ड्रायव्हरमागे माणसं जास्त बसवायला हवीत. मुंबईने 1937 मध्ये डबलडेकर आणली ती काही पर्यटकांना फोटो काढायला नव्हे. एक ड्रायव्हर, एक इंजिन, रस्त्यावर जागा एकाच बसची आणि माणसं दीडपट. पण तिला कंडक्टर दोन लागायचे, एक वर, एक खाली. पुढे हीच गोष्ट तिच्या अंगाशी आली आणि 15 सप्टेंबर 2023 ला जुनी डिझेलवाली शेवटची डबलडेकर धावली. आता इलेक्ट्रिक एसी डबलडेकर आहेत, छान आहेत, पण थोड्याच.

आणि मधल्या काळात आपण काय केलं? 2019 नंतर छोट्या एसी गाड्या आणल्या. गल्लीबोळात जायला बऱ्या, दिसायला गोड, पण ड्रायव्हर पूर्ण एक. स्टेशनबाहेर शंभर माणसं रांगेत उभी आणि समोर येते ती छोटी गाडी. पंचवीस जण बसले, पंधरा उभे राहिले, बाकीचे पुढच्या गाडीच्या नावाने खडे फोडतात. आठ तासांचा तोच पगार देऊन निम्मी माणसं न्यायची आणि मग विचारायचं, उत्पादकता कुठे गेली!

कंडक्टरबद्दल माझंच मत दोन वेळा बदललंय, म्हणून जपून लिहिते. आधी वाटायचं, मोबाईलवर तिकीट आलं, कार्ड आलं, आता कशाला हवा दुसरा माणूस. बेस्टने काही छोट्या रूटवर बिनकंडक्टरच्या बस काढून पाहिल्या, तिकीट खाली स्टॉपवरच घ्यायचं. ठिकाण दोन-तीनच असतील तर ते चालतं. पण वाटेत वीस स्टॉप असले की तिकीट देणार कोण? ड्रायव्हरने द्यायचं म्हटलं तर प्रत्येक स्टॉपवर बस उभी राहणार. एक पगार वाचवायचा आणि सत्तर माणसांची मिनिटं खर्ची घालायची. लंडनमध्ये ड्रायव्हरच तिकीट बघतो हे सगळे सांगतात, पण तिथे 2014 च्या जुलैपासून बसमध्ये रोख पैसेच घेत नाहीत, हे कोणी सांगत नाही.

आपल्याकडे 9 मे 2025 पासून किमान भाडं साध्या बसला 10 आणि एसीला 12 रुपये झालं. त्या आधी 2019 पासून 5 आणि 6 होतं. आता 12 रुपये हा आकडा ज्याने ठरवला त्याने कधी कंडक्टरची बॅग उघडून बघितली असेल का? वीसची नोट दिली की आठ परत. एक पाच, एक दोन, एक एक. मी मुद्दाम बघत बसते. आमच्या नेहमीच्या बसमध्ये एक कंडक्टर आहेत, त्यांनी तीन प्रकारची नाणी तीन वेगवेगळ्या खिशांत ठेवलीत आणि हात न बघता बरोबर खिशात जातो. पूर्वी पंचाने तिकिटाला भोक पाडताना जो टिकटिक आवाज यायचा ना, तीच लय. नोट घे, मशीनचं बटण दाब, कागद फाड, नाणी हातावर ठेव, "पुढे सरका, आत मोकळंय." हे सगळं गाडी चालू असताना. ह्या माणसामुळे बस स्टॉपवर पंधरा सेकंदांत हलते. त्यांना 'जास्तीचा माणूस' म्हणणाऱ्याने एक दिवस ती बॅग गळ्यात घालून बघावी.

अर्थात ऐंशी टक्के बस कार्डवर चढायला लागली तर मी माझं मत तिसऱ्यांदा बदलेन.

आता कंत्राटाबद्दल. 2019 पासून बेस्टने भाड्याच्या बस घेतल्या: गाडी कंत्राटदाराची, ड्रायव्हर त्याचा, पैसे किलोमीटरवर. हिशेब कागदावर सुंदर आहे. कायम नोकरीतल्या ड्रायव्हरपेक्षा कंत्राटी ड्रायव्हर स्वस्त, म्हणजे उत्पादकता वाढली. पण पगार कमी केला की खर्च कमी होतो, गाडी वेगाने धावायला लागत नाही. ती त्याच धारावीत, त्याच कुर्ल्यात अडकते.

माझा मावसभाऊ अशाच एका कंत्राटदाराकडे ड्रायव्हर आहे, नाव लिहीत नाही, उगाच त्याच्या नोकरीवर यायचं. तो म्हणतो, "ताई, तुमच्या पप्पांना उशीर झाला तर उशीर लिहायचे. आम्हाला किलोमीटर कमी पडले तर फोन येतो." पगार दोनदा पंधरा दिवस पुढे गेला. तो ज्या बॅचला लागला त्यातले निम्मे वर्षभरात सोडून गेले, कुणी स्कूलबसवर, कुणी डंपरवर, एक जण गावी जाऊन स्वतःचा टेम्पो चालवतो. प्रत्येक नवा ड्रायव्हर म्हणजे परत रूट शिकवणं, परत गाडीची सवय. हे शिकणं कुठल्या रकान्यात मांडायचं? ऑगस्ट 2023 मध्ये कंत्राटी ड्रायव्हरांनी पगारवाढीसाठी काम बंद केलं तेव्हा लोकांना एकदम कळलं, की लाल बस दिसते एकसारखी, पण आत दोन प्रकारची माणसं बसलेली असतात.

आणि 9 डिसेंबर 2024. कुर्ल्याचा अपघात. भाड्याची इलेक्ट्रिक बस गर्दीत शिरली आणि माणसं गेली. दोष कोणाचा ते कोर्ट ठरवेल, मी ठरवणार नाही. पण त्यानंतर आठवडाभर सगळीकडे एकच चर्चा होती: मोठी ऑटोमॅटिक गाडी हातात देण्याआधी ड्रायव्हरला किती दिवस शिकवलं जातं. मी त्या रस्त्याने रोज जाते. पप्पांनी टीव्ही बंद केला आणि त्या दिवशी जेवले नाहीत. ड्रायव्हर दुसऱ्या ड्रायव्हरच्या अपघाताबद्दल घरात बोलत नाहीत, एवढं मला लहानपणापासून माहीत आहे.

मग करायचं काय, असं कोणीतरी खाली विचारेलच, म्हणून सांगते. बसला रस्ता द्या. सगळीकडे नको, जिथे रोज गळा आवळला जातो तिथेच. कुर्ला स्टेशनबाहेरचा तुकडा, सायनच्या आसपास, एलबीएस रोडचे ठराविक चौक. सकाळी तीन आणि संध्याकाळी चार तास. तिथे एक पार्क केलेली कार उचलली तर तिच्यामागे अडकणाऱ्या प्रत्येक बसचा ड्रायव्हर 'उत्पादक' होतो. अहमदाबादने 2009 मध्ये बसला वेगळी लेन दिली. पुण्याने त्याच्याही आधी, 2006 मध्ये, सुरुवात केली होती, पुढे त्याचं काय झालं ते पुणेकरांनी सांगावं, मी सांगितलं तर भांडण होईल. मुंबईत जागा नाही म्हणतात. सत्तर माणसांच्या बसला नाही, पण एकट्या माणसाच्या कारला उभी करून ठेवायला आहे, तेही फुकट. हजारो कोटींचे पूल, बोगदे, भुयारी मेट्रो होते, आणि ती व्हायलाच हवी, मी स्वतः खूश आहे. पण मेट्रोतून बीकेसीला वर आलेला माणूस शेवटचे दोन किलोमीटर बसच शोधतो आणि ती बस एका टेम्पोमागे उभी असते.

त्या टेम्पोवाल्याची उत्पादकता मात्र कोणी मोजत नाही.

गेल्या महिन्यात पप्पांना डोळे दाखवायला बीकेसीच्या बाजूला न्यायचं होतं. रिक्षा करू म्हटलं तर ऐकेनात, बसनेच. कुर्ल्याला चढलो. ते ड्रायव्हरच्या मागच्या पहिल्या सीटवर बसले, खिडकीशी. मला आधी कळेना की त्यांचा उजवा पाय सारखा का हलतोय. मग समोर बघितलं. पुढे रिक्षा आडवी आली की पप्पांचा पाय खाली दाबला जायचा, सुटली की वर. चौदा वर्षं झाली रिटायर होऊन. ड्रायव्हर पोरगेलासा होता, पंचविशीचा. त्याने आरशात बघितलं आणि हसला, त्याला बरोबर कळलं.

सिग्नलला गाडी तिसऱ्यांदा थांबली तेव्हा पप्पांनी घड्याळ बघितलं आणि कंडक्टरला विचारलं, "किती लेट आहात, पंधरा मिनिटं?"

कंडक्टर तिकीट फाडत म्हणाले, "काका, लेट कुठली. ही याच्या आधीची गाडी आहे."

पप्पा बीकेसी येईपर्यंत हसत होते.